सहा चांदण्यांचा झेंडा

कोणी नवा शर्ट घालून समोर आला की हवाबीचाची आधी त्याची कॉलर उलटी करायच्या. शर्टाचा रंग, कापड, तो अंगावर कसा बसलाय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. आतली शिवण बघायची, नाक मुरडायचं आणि मग चहाला बस म्हणायचं. मी बहरीनला, मनाम्यात आलो त्याच आठवड्यात माझी कॉलर उलटी झाली. चिपळूणहून निघताना आईने हौसेने शिवून घेतलेला शर्ट होता तो. चाची म्हणाल्या, "वसंता, ह्यो शिवणारा घरी जायच्या घाईत होता बघ." आईला मी हे कधीच कळवलं नाही.

मनाम्याच्या जुन्या बाजारामागे एका गल्लीत आम्ही चौघे मराठी पोरं वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली चाचींचं दुकान आणि दुकानाच्या मागे त्यांची एक खोली. दुकानावर पाटी टेलरिंगची, पण आत शिरलं की चारी बाजूंनी देश लटकलेले असत. चाची झेंडे शिवायच्या. बंदरात येणाऱ्या जहाजांना लागणारे, हॉटेलांना लागणारे, बँकांच्या दारावरचे, शाळांच्या संमेलनाचे. नवरा झेंडे शिवायचा. तो गेला आणि मशीन चाचींकडे आलं. त्या नवऱ्याचं नाव घेत नसत, 'आमचा दर्जी' म्हणत. दर्जी मनाम्याच्या कबरस्तानात होता आणि दापोलीकडच्या गावात चाचींचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. एक दीर होता, त्याचं आणि त्यांचं जमत नव्हतं.

मूलबाळ नाही. वय साठीच्या आसपास असावं, विचारायची कोणाची छाती नव्हती. बुटक्या, अंगाने भरलेल्या, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा आणि तोंडात कायम दोन-तीन टाचण्या. टाचण्या तोंडात असतानाही त्या भांडू शकत. कापडवाल्याशी, वीजवाल्याशी, छताच्या पंख्याशी. पंखा जोरात लावला की कापड उडायचं आणि हळू लावला की घाम कापडावर पडायचा, म्हणून त्याला दिवसभर शिव्या खाव्या लागत. स्वतःच्या कामाबद्दल मात्र त्यांना अजिबात संकोच नव्हता. "या अख्ख्या बहरीनमध्ये माझ्यासारखा झेंडा कोन शिवतो दाखव," असं त्या मला विचारत आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगत, "कोन नाय." मला हे आवडायचं. आमच्याकडे चांगलं काम करणाऱ्या बाईने 'कसलं हो, आपलं काहीतरी' म्हणायची पद्धत आहे. चाचींना ती पद्धत कोणी शिकवली नसावी.

इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं आणि देशांची नावं त्यांच्या गावीही नव्हती. प्रत्येक देशाला त्यांनी आपलं नाव ठेवलं होतं. नेपाळ म्हणजे 'दोन समोसे'. जपान म्हणजे 'कुंकू'. ब्राझील म्हणजे 'तारवट डोळा'. एकदा एका बँकेचा गोरा साहेब दुकानात आला आणि ब्रिटनचा झेंडा कधी मिळेल म्हणून विचारू लागला. चाचींनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "वसंता, त्याला सांग, त्याच्या खाटेला अजून दोन नवारी लावायच्या हायत." मी काय भाषांतर केलं ते विचारू नका.

बहरीनचा झेंडा त्या न बघता शिवत. तेव्हा त्याच्या पांढऱ्या भागाला आठ दाते होते. (आता पाच आहेत, नंतर बदलले.) दाते कापताना त्या करंजीला कातण फिरवावी तशी कात्री चालवत, आणि एकही दाता लहानमोठा होत नसे. सौदीच्या झेंड्याची गोष्ट वेगळी. त्यावर कलमा असतो. त्याचं कापड छापून येई, चाची फक्त कडा शिवत, पण आधी हातपाय धुऊन वजू करून, डोक्यावर पदर घेऊन. त्याची कातरणं जमिनीवर पडू देत नसत. त्यासाठी एक वेगळी पिशवी भिंतीवर उंच टांगलेली होती. त्या वेळी पंख्यालाही शिव्या मिळत नसत.

शुक्रवारी सकाळी आमच्या दारात सांदणांची ताटली यायची. गूळ घातलेली, नारळाच्या दुधात बुडवून खायची. "मटणाचं भांडं नाय लावलं, खा बिनघोर," असं सांगायला त्या स्वतः जिना चढून येत. धापा टाकत येत आणि आल्यासारखं आमच्या खोलीवर एक नजर टाकून, "जनावरं बरी," असं म्हणून जात.

भारत-पाकिस्तान मॅचच्या वेळचा एक किस्सा आमच्या गल्लीत बरेच दिवस सांगितला जाई. शेजारी लाहोरकडच्या एका माणसाचं केस कापायचं दुकान होतं. एरवी आमची त्याच्याशी चांगली दोस्ती. पण त्या मॅचनंतर तो काहीतरी बोलला, आमचा रूममेट दिनकर काहीतरी बोलला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. दिनकर केस वाढवून हिंडू लागला, पण त्याच्याकडे जाईना. चाचींनी दोन आठवडे पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात दोघांनाही हाक मारून बोलावलं, पांढऱ्या कापडाचं ठाण उलगडलं आणि एक टोक याच्या, दुसरं त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, "पकडके रखो. सीधा. हिलना नहीं." दोघे समोरासमोर उभे. चाची सावकाश कापत बसल्या. पट्टी भारताची कापली, मग पट्टी पाकिस्तानची कापली, दोन्ही त्याच ठाणातून. मध्ये चहा घेतला. त्या दोघांना दिला नाही, कारण हात मोकळे नव्हते. अर्ध्या तासाने लाहोरवाल्याला हसू फुटलं. दिनकरचे केस त्याच संध्याकाळी कापले गेले, जरा जास्तच बारीक.

हे सगळं सांगतोय ते मजेचं आहे, पण चाची मला आठवतात त्या यासाठी नाही. मला आठवते ती एक दुपार.

मी तेव्हा मनाम्यातल्या एका मोठ्या हॉटेलात खरेदीखात्यात होतो. फुलं, मेणबत्त्या, खुर्च्यांची कव्हरं, जे लागेल ते मागवायचं. आमच्याकडे एक आंतरराष्ट्रीय परिषद ठरली आणि हुकूम निघाला की दारासमोरच्या रस्त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सभासद देशांचे झेंडे लागले पाहिजेत. झेंड्यांचं काम थॉमसभाई नावाच्या सप्लायरकडे होतं आणि थॉमसभाई चाचींकडून शिवून घेत. पण त्या वर्षी त्यांनी दुकानात येऊन चाचींना समोरासमोर सांगितलं होतं. परदेशातून छापील नायलॉनचे झेंडे निम्म्या किमतीत मिळतात. तरी ते चाचींना काम देतात, कारण आजवर त्यांचा एकही झेंडा परत आला नाही. एक तक्रार आली, तर हॉटेलच्या ऑफिसला ते काय सांगणार?

यात किती काय अडकलं होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. झेंडे गेले तर दुकान चालणार नव्हतं, नुसत्या पँटी आखूड करून भाडं निघत नाही. दुकान बंद झालं तर व्हिसा नाही. ज्या बहरीनी म्हाताऱ्याच्या नावावर दुकान आणि व्हिसा होता तो भला माणूस होता, पण बंद दुकानावर तो तरी व्हिसा कसा वाढवणार? आणि व्हिसा नाही म्हणजे दर्जीला इथे सोडून दिराच्या दारात जायचं. चाची कबरस्तानात कधी आत जात नसत, त्यांच्यात बायकांची ती रीत नव्हती. पण दर शुक्रवारी भिंतीबाहेर उभं राहून येत. तेवढं त्यांना पुरत होतं.

बरेचसे झेंडे तयार होते. शिवायचे होते ते नव्या देशांचे. रशिया फुटून एवढे देश झाले होते की चाची मेटाकुटीला आल्या होत्या. "लोकं घरं वेगळी काढतात आनि बोटं माझी सुजतात," म्हणायच्या. मी यादी वाचायचो, त्या नमुना विचारायच्या. त्यात आलं मायक्रोनेशिया. आमच्या हॉटेलच्या झेंड्यांच्या तक्त्यात हा देश नव्हता. मी म्हटलं, कुठे तरी विचारतो. चाचींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"विचारायला कशाला हवं? दर्जीने शिवलाय तो. जहाजासाठी."

भिंतीला खिळ्यावर खाकी कागदाचे साचे टांगलेले होते, दर्जीने कापलेले. प्रत्येक साच्याला रंग कळावा म्हणून त्या त्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा बांधलेला. चाचींनी त्यातून एक साचा काढला. फिकट निळा दोरा, पांढरा दोरा, गोलात सहा तारे. कोपऱ्यात दर्जीच्या हाताने मराठीत लिहिलेलं, मायक्रोनेशिया.

"झालं?" चाची म्हणाल्या. "माझा दर्जी चुकायचा नाय."

झेंडा शिवला. फार सुरेख झाला होता. पलीकडच्या बाजूचा तारा अलीकडच्यावर अगदी तंतोतंत. परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी हॉटेलसमोर सगळे खांब भरले आणि ते निळं कापड वाऱ्यावर असं उघडलं की आमचा जनरल मॅनेजरही थांबून म्हणाला, हा कोणाचा?

त्याच दिवशी दुपारी मी देशांची यादी परत न्यायला दुकानात गेलो होतो. एक तरुण गणवेशाचा शर्ट घेऊन आला. अमेरिकन नौदलातली पोरं चाचींकडे बिल्ले शिवून घ्यायला नेहमी येत. हा सावळा, रुंद खांद्यांचा, केस कुरळे. मला वाटलं केरळचा असेल, म्हणून मी हिंदीत बोललो तर तो हसला. आपलं नाव एर्विन म्हणून सांगितलं. चाची बिल्ला शिवत होत्या आणि तो इकडे तिकडे बघत होता. मोठा झेंडा शिवायच्या आधी चाची टेबलावर ठेवायचा छोटा एक करून बघत. तो सहा ताऱ्यांचा छोटा झेंडा मशीनजवळ पडला होता. एर्विनने तो उचलला आणि एकेका ताऱ्यावरून बोट फिरवलं.

मग त्याने मला इंग्रजीत विचारलं, "हा इथे कसा?"

मी सांगितलं. मायक्रोनेशियाचा आहे, परिषदेसाठी. तो म्हणाला, "मी मायक्रोनेशियाचा आहे. ट्रुक बेटांवरचा. पण हा आमचा झेंडा नाही. होता. मी लहान होतो तेव्हा."

मी चाचींना सांगितलं. मशीन थांबलं.

"त्याला विचार, काय चुकलं?"

एर्विनने बटणांच्या डब्यातून सहा बटणं काढली आणि टेबलावर गोल मांडली. पूर्वी त्या दूरच्या बेटांचा कारभार अमेरिका बघायची, तिथली पोरं अजूनही तिच्या नौदलात जातात. तेव्हा बेटांचे सहा भाग होते, म्हणून सहा तारे. मग सगळ्यांनी मिळून एक देश करायचं ठरत होतं, पण जमलं नाही. त्याने एक बटण उचललं, मारियाना. दुसरं, मार्शल. तिसरं, पलाऊ. तिघे आपापले वेगळे झाले. उरली तीन. त्यातल्या पोनपे नावाच्या बटणाशेजारी त्याने डब्यातून काढून एक नवं लहान बटण ठेवलं. हे कोस्राए, आधी पोनपेतच होतं, मग निराळं झालं. ही चार राहिली ती एकत्र आली आणि देश झाला. निळा तोच, तारे चार. चार दिशांना चार.

चाची चष्मा पुसून बटणांकडे बघत होत्या. "म्हंजे," त्या मला म्हणाल्या, "तीन भाऊ वेगळे निघाले आनि एकाचा पोरगा कमावता झाला. चार चुली." मी हे एर्विनला सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या मास्तरांनी हेच समजावायला एक अख्खं वर्ष घेतलं होतं.

मग त्याने नको ते बोलून टाकलं. बिचारा चांगुलपणानेच बोलला. म्हणाला, "राहू द्या. आमच्याकडून कोणी या परिषदेला येणार नाही. इथे कोणाला कळणार आहे?"

मलाही तेच वाटत होतं आणि मी तसं म्हटलंही. मी थॉमसभाईंची आठवण करून दिली. एकही झेंडा परत आला नाही, यावरच तर सगळं चालू आहे. दोन दिवसांचा प्रश्न आहे, परिषद संपली की मी स्वतः तो झेंडा गुपचूप काढून आणतो. "चाची, कोण बघणार आहे तिथं?"

चाचींनी एर्विनकडे बोट केलं. "ह्याने बघितला ना."

"पण तो काही बोलणार नाही."

"नाय बोलणार. म्हणून तर."

त्या उठल्या. निळ्या कापडाचा गुंडाळा, पांढरं कापड, कात्री पिशवीत घातली, बुरख्यासारखा काळा अबाया चढवला आणि दुकानाला कुलूप लावलं. भिंतीवरचा तो खाकी साचा निघताना त्यांनी हातात घेतला होता. गल्लीत उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता दर्जीवर चिडणार. "तो चुकला नाय, वसंता," त्या म्हणाल्या. "त्याने शिवला तवा बरोबर होता. तो गेला आनि झेंडा पुढं गेला. मना कोन सांगणार?" एवढं बोलून त्यांनी साचा नीट गुंडाळून पिशवीत ठेवला.

टॅक्सीत मी, चाची आणि एर्विन. हॉटेलसमोर थॉमसभाई खांबांवरून शेवटची नजर फिरवत होते. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. चाची सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"थॉमसभाई, मेरा एक झंडा उतारो. गलत है."

थॉमसभाईंना आधी कळेना. तक्रार कोणाची, हॉटेलची? नाही. पाहुण्यांची? नाही. मग कोणाची?

"मेरी."

ते हळू आवाजात समजावू लागले. माणूस वाईट नव्हता. "चाची, किसको पता चलेगा? आप सोच लो. मॅनेजर देख रहा है. उतारेगा तो पूछेगा. बात ऑफिस तक जाएगी. फिर मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा."

"जाने दो," चाची म्हणाल्या. "आप उतारो. नहीं तो मैं उतारती हूं." आणि त्या खरोखरच खांबाची दोरी सोडायला वाकल्या. साठीची बुटकी बाई, काळ्या अबायात, शेजारी दोन्ही बाजूंना देशांची रांग, आणि वर त्यांच्याच हातचा तो सुंदर चुकीचा झेंडा. दोरीची गाठ सुटेना. एर्विन पुढे झाला आणि दोघांनी मिळून झेंडा उतरवला. मॅनेजर काचेच्या दारामागून बघत होता, तो बाहेर आला. थॉमसभाईंनी त्याला काय ते सांगितलं. मी आमच्या साहेबाचं तोंड ओळखत होतो. बात ऑफिसपर्यंत जाणार होती.

हॉटेलच्या लिननच्या खोलीत आमचा एक श्रीलंकन शिंपी असे. त्याने चाचींना आपलं मशीन दिलं. मी म्हटलं, चाची, त्याच झेंड्याचे तारे उसवून पुन्हा बसवले तर? वरचा आणि खालचा आहे तिथे राहील, चार काढायचे, दोन लावायचे. चाचींनी झेंडा खिडकीशी उजेडात धरून मला सुईची भोकं दाखवली. "उसवलं की ही राहतात. वर उन्हात गेला की दिसणार. तिथं कोन होता ते दिसत राहणार." आणि त्यांनी नवं कापड अंथरलं.

एर्विन समोर कापड ताणून धरून बसला होता आणि तारा कुठे यावा ते बोटाने सांगत होता. चाची हिंदीत बोलत, तो इंग्रजीत. मी मध्ये होतो, पण थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. चौथा तारा बसला तसा चाचींनी झेंडा उलटा केला, मागची बाजू तपासली, एक दोरा दातांनी तोडला आणि तो त्याच्या हातात दिला.

ऊन कलायच्या आत झेंडा वर गेला. वारा नव्हता म्हणून तो खांबाला चिकटून राहिला. एर्विन खाली उभा होता. चाचीही उभ्या होत्या. मी घड्याळ बघत होतो. मग समुद्राकडून थोडा वारा आला आणि ते निळं कापड उघडलं. एर्विनने काही सलाम वगैरे ठोकला नाही. त्याने चार तारे बघितले, डोळ्यांवर हात ठेवला आणि दुसरीकडे तोंड केलं.

नंतर त्याने मला विचारलं, तो जुना झेंडा विकत मिळेल का. मी चाचींना विचारलं. चुकलेला माल मी विकत नाही, असं त्या म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि त्या तसंच म्हणाल्या. पण त्यांनी त्याला विचारलं, तुला कशाला हवा? एर्विन म्हणाला, "माझे वडील ट्रुकचे. आई सायपानची, मारियानातली. आता ती तिकडेच असते. आजच्या झेंड्यावर आईचा तारा नाही. या झेंड्यावर आहे."

चाचींनी तो सहा चांदण्यांचा झेंडा दुमडला. कोपऱ्याला कोपरा, हाताने दाबून दाबून. त्याला दिला आणि मला म्हणाल्या, "त्याला सांग, आईला दे. आनि म्हणावं, उलटा करून बघ."

परिषद झाली. झेंड्यांबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. पुढच्या वेळी हॉटेलात झेंडे लागले ते छापील नायलॉनचे होते. थॉमसभाई मला हॉटेलच्या मागच्या दाराशी भेटले तेव्हा म्हणाले, "मैंने बोला था." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मीही ऑफिसमध्ये बोललो होतो, पण खरेदीखात्यातल्या कारकुनाचं ऐकतं कोण. चाचींनी कोणाला दोष दिला नाही. पँटी आखूड केल्या, पडदे शिवले, बिल्ले लावले आणि वर्षभर रेटलं. मग तो बहरीनी म्हातारा एक दिवस दुकानात येऊन बसला. चहा घेतला, रिकामा कप हातात फिरवत राहिला, तेव्हा चाचींनीच त्याला म्हटलं, खलास?

त्या दिवसांत मी एकदा त्यांच्यावर चिडलो होतो. म्हटलं, चाची, त्या दिवशी गप्प राहिला असतात तर आज इथे असता, दर्जीच्या जवळ. त्या साच्यांची बांधाबांध करत होत्या. म्हणाल्या, "दर्जीच्या जवळ बसून मी खोटा झेंडा वर ठेवला असता? तो उठून आला असता, वसंता." आणि त्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मी त्या बाईला मनातून हात जोडले, आजही जोडतो.

विमानतळावर सोडायला मी आणि दिनकर गेलो होतो. वाटेत त्यांनी गाडी कबरस्तानाच्या भिंतीवरून घ्यायला लावली, पण उतरल्या नाहीत. काच खाली केली, ओठ हलले, काच वर केली. आम्ही दोघेही रस्त्याकडे बघत राहिलो.

विमानतळाच्या गाडीतळावर पहारेकऱ्याची एक लहान खोली होती. बाहेर खुर्चीवर एक वयस्कर बहरीनी बसला होता आणि खोलीच्या दाराला एका काठीवर बहरीनचा छोटा झेंडा बांधलेला होता. वाऱ्याने त्याची कड पार उसवली होती, दोरे लोंबत होते. मी ट्रॉली ढकलत पुढे गेलो, मागे वळून बघतो तर चाची नाहीत. मागे त्या पहारेकऱ्यासमोर उभ्या राहून झेंड्याकडे बोट दाखवत हिंदी, अरबी आणि दापोलीच्या मिश्रणात त्याला झापत होत्या. "ये क्या है? हा? अपने घर का झंडा ऐसा रखता है? यल्ला, उतारो!" म्हातारा आधी चकित झाला, मग निमूटपणे उठून त्याने झेंडा काठीवरून सोडला आणि आपली खुर्चीही पुढे केली. चाची बसल्या. पर्समधून सुई-दोरा काढला. दिनकर म्हणाला, चाची, विमान जाईल. "जाऊ दे की," त्या म्हणाल्या, मान वर न करता.

त्या उन्हात, भोवती गाड्यांचे हॉर्न वाजत असताना त्यांनी ती कड दुमडून शिवली. ज्या देशाने त्यांचा व्हिसा वाढवला नव्हता त्याचा झेंडा मांडीवर होता आणि त्या एकेक टाका निगुतीने घालत होत्या. शिवून झाल्यावर दोरा तोडला, झेंडा झटकला आणि म्हाताऱ्याला परत दिला. त्याने छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं. चाचींनी पदर सारखा केला, माझ्या हातातून बॅग ओढून घेतली आणि "बांध नीट," असं त्याला बजावून काचेच्या दारातून आत गेल्या. म्हातारा झेंडा काठीला बांधत होता. आम्ही तो बांधून होईपर्यंत तिथेच उभे राहिलो.